माझ्या मुठीची भाकरी

सोलापुरात जन्मून, सोलापुरातच केस पिकवून मला भाकरी थापता येत नाही. माझी भाकरी परातीतच कडेला फाटते आणि तव्यावर पोचेपर्यंत तिचे तीन तुकडे होतात. मी शाळेत गणित शिकवते, एकटी राहते, कुणाला करून घालायची नसते, म्हणून शिकायचं राहून गेलं ते गेलंच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई भाकरी करून विकतात. सगळे त्यांना आक्का म्हणतात. कोपऱ्यात खाटेवर त्यांचे मालक पायावर चादर घेऊन बसलेले असतात आणि कडक भाकरीची पाकिटं भरतात. वर्षानुवर्षं माझं पोट या दोघांच्या जिवावर चाललंय.

गेल्या उन्हाळ्यात नव्या चपलेचा पट्टा उजव्या अंगठ्याला लागला. क्षुल्लक जखम म्हणून हळद लावून सोडून दिली. तीन आठवडे झाले तरी ती ओलीच, वर ठणका असा की वर्गात उभं राहवेना. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर शुगर निघाली, तीही चांगलीच चढलेली. त्यांनी गोळ्या दिल्या, दिवसाआड ड्रेसिंगला बोलावलं, गोड बंद केलं, खाणं मोजून खा म्हणाल्या. ‘तीन महिन्यांत जखम भरली नाही, तर मग अंगठ्याचं...’ एवढं बोलून त्या थांबल्या. पंचवीस वर्षं पोरांची अर्धी उत्तरं पूर्ण करण्यात गेली माझी. हे वाक्यही मी घरी येईपर्यंत पूर्ण केलं.

मी घाबरले की शिस्तीला लागते. भात सोडला, पोळी सोडली, चहातली साखर सोडली. शिक्षकखोलीत कुणाच्या वाढदिवसाचे पेढे आले की मी तोंड फिरवून बसायची. खायची ती फक्त ज्वारी. ज्वारी हलकी, ज्वारी चांगली, हे आमच्याकडे जन्मल्यापासून ऐकलेलं. दोन वेळा भाकरी, आणि मधे भूक लागली की कडक भाकरी. कागदासारखी पातळ, कुरकुरीत. ती शेंगाचटणीला लावून खायची आणि वह्या तपासायच्या. कडक भाकरीला इथं कुणी जेवण म्हणतच नाही. ती तोंडात असते, एवढंच.

दीड महिन्यानं परत रक्त दिलं. शुगर खाली यायच्या ऐवजी वर गेलेली. जखम होती तिथंच. मी डॉक्टरीणबाईंवर भडकले. तुमचं मशीन तपासा म्हटलं. त्या पोरीनं शांतपणे विचारलं, ‘मावशी, तुम्ही दिवसभरात नक्की काय काय खाता?’ मावशी म्हटल्याचा राग वेगळाच. ‘भाकरी खाते, दुसरं काय खाणार?’ म्हणून मी तिथून निघाले.

तशीच लंगडत आक्कांच्या शेडमध्ये गेले. कडक भाकरी संपल्या होत्या. आक्कांनी पायाचं बँडेज बघितलं आणि हात न थांबवता काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंना चार शब्द ऐकवले त्यासकट. त्यांच्या थापण्याची लय जराही मोडली नाही. पण मालकांचे हात पाकिटावर थांबलेले मला दिसले.

‘बाई, तुमचं लेकरू पुण्यात असतंय न्हवं?’ आक्कांनी विचारलं.

‘पुण्यात माझं कोणी नाही. का?’

‘मंग आठवड्याला चार डझन कडक भाकरी कुटं जात्यात? मला वाटायचं, लेकाला पार्सल धाडताय. हितनं समदेच धाडत्यात की.’

चार डझन म्हणजे अठ्ठेचाळीस, भागिले सात. असले भागाकार मी सातवीच्या पोरांकडून रोज करून घेते, चुकले तर कान पिळते. दिवसाला जवळजवळ सात भाकरी, आणि त्याही जेवण सोडून. एवढ्या वर्षांत मला हे गणित मांडावंसं एकदाही वाटलं नव्हतं. मला माझीच इतकी लाज वाटली की तिथंच पोत्यावर बसले.

आक्का म्हणाल्या, ‘हात धुवा.’ धुतले. त्यांनी पिठाचा डबा पुढं केला. ‘मूठ भरा. दाबून न्हाय, सैल भरा. आता दुसरी.’ त्यांचं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. तिथं रानात जाणाऱ्या प्रत्येकाची भाकरी त्याच्या त्याच्या मुठीनं मोजतात, असं त्यांनी सांगितलं. दोन मुठी पिठाची एक भाकरी. लहानाची लहान, मोठ्याची मोठी. ‘ही तुमची. दुपारी एक, सांजच्याला एक. कडक न्हाय मिळायची तुमाला आता. आन् भाजी किती खाताय?’

‘चटणी असते की. दही असतं.’

‘पाला कुटाय? आदी वाटीभर पालेभाजी, मंग भाकरी. चावून.’

मग त्यांनी माझ्या दोन मुठींचा गोळा मळला आणि थापायला घेतला. एवढी वर्षं मी त्यांच्याकडून भाकरी घेतेय, पण बघितली त्या दिवशी पहिल्यांदा. बोटं पिठावर टेकतायत न टेकतायत, आणि गोळा आपल्या आपणच गोल गोल फिरत मोठा होत गेला. ना कुठं फाटला, ना कुठं जाड राहिला. माझ्याच मुठीतलं पीठ होतं ते. मी थक्क होऊन बघत राहिले.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी शेडमध्ये जाऊन मूठ भरायची, आणि त्या दोन भाकरी करून द्यायच्या. चाकवत, मेथी, अंबाडी, जे मिळेल ते आधी खायचं. पहिले आठ दिवस मी सगळ्यांवर खेकसत होते. गोळ्या चालू होत्या, ड्रेसिंग चालू होतं, आणि ठणकाही चालूच होता. त्याला मी रोज शिव्या घालायची.

एके दिवशी ड्रेसिंग करताना जखमेच्या कडेला गुलाबी रेघ दिसली, नखाएवढी. दोन दिवसांनी ती रुंद झाली होती. माझ्या या पन्नाशी उलटलेल्या अंगाला नवं कातडं विणता येतं, आणि तेही मी शाळेत अपूर्णांक शिकवत असताना, मला न विचारता. मी आरसा पायाशी धरून रोज बघायची. देवळात जेवढी गप्प बसत नाही, तेवढी तिथं बसायची.

मुदतीचे तीन महिने संपता संपता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘भरली, मावशी.’ या वेळी मावशी चाललं मला.

मी तडक शेडमध्ये गेले. आक्कांनी हात पुसले, माझ्यापुढं उकिडव्या बसल्या, पाय हातात घेतला आणि अंगठा हळूच दाबला.

‘दुखतंय?’

‘दुखतंय की. तीन महिने जीव खाल्लाय मेल्यानं.’

त्यांनी अंगठा सोडला नाही. खाटेवर मालकांनी पायावरची चादर बाजूला केली. डावा पाय घोट्यापाशीच संपला होता.

‘शुगर ह्यांनाबी. पायाला लागलं, पर दुखलंच न्हाय, बाई,’ आक्का म्हणाल्या. ‘म्हणून कळलंच न्हाय.’

मी पाय तसाच त्यांच्या हातात राहू दिला. अंगठा ठणकत होता.