वाफेच्या पेटीतला गुरुवार

माझ्या डाव्या भुवईच्या मधोमध जी मोकळी जागा आहे, ती निसर्गोपचाराची कृपा आहे.

तेव्हा मी खामगावात नवी नवी सून होते आणि महाराष्ट्रही नवा नवाच होता. आता सगळं आपणच सुधारायचं, असं दोघांनाही वाटत होतं. (महाराष्ट्राचं मला माहीत नाही; मी मात्र मॅट्रिक होते!)

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, आणि शेजारच्या राबियाखाला, ही आमच्या भागातली मालीश करणारी नामांकित जोडी. कुणी बाळंतीण असो की कुणाच्या कमरेत उसण भरलेली असो, खालाचा हात फिरला की बाई उठून कामाला लागायची. पण आता खालाचे स्वतःचेच गुडघे कुरकुरायला लागले होते. घरोघर हिंडणं तिला जमेना. आणि तेवढ्यात कापसाच्या जिनिंगवाल्या शेठाणीबाईंचा निरोप आला: जिनिंगच्या बाजूला दोन खोल्या रिकाम्या आहेत, तिथे बायकांसाठी उपचारांचं काही सुरू करा. गुरुवारी चारला येते, काय काय ठेवणार ते दाखवा. पसंत पडलं तर खोल्या तुमच्या.

"काय काय म्हंजे?" खाला घाबरली. "मले तं मालीशच येते, बेटी."

"नुसती मालीश कोणाला हवी आहे, खाला? काहीतरी शास्त्रीय पाहिजे," मी म्हणाले. (मी त्या काळात मुद्दाम शुद्ध बोलायची.) आणि वाचनालयातून निसर्गोपचाराचं जाडजूड पुस्तक घेऊन आले.

पुस्तकात बावीस उपचार होते. एनिमाचं प्रकरण आत्याबाईंनी शीर्षकावरूनच बंद केलं. "हे नाही. शेठाणीसमोर तं बिलकुल नाही!" उरलेल्यांतून चार निवडले. प्रत्येक उपचार आधी घरच्यांवर करून पाहायचा आणि पास झाला तरच ठेवायचा, असं ठरलं.

सोमवारी थंड पाण्याचं कटिस्नान. आत्याबाई लुगडं सावरत घंगाळात बसल्या आणि दुसऱ्याच क्षणाला बाहेर! "माय वं! हे गिऱ्हाइकाले देशीन तं गिऱ्हाईक मारीन तुले!"

कटिस्नान नापास.

मंगळवारी ओल्या चादरीची गुंडाळी. खालाला नखशिखान्त गुंडाळलं. तिला इतकं गार वाटलं की तिथेच डोळा लागला, आणि मीही, शास्त्राच्या कौतुकात, तिला तासभर तशीच ठेवली. बुधवारी खाला दिवसभर शिंकत होती.

"पास का नापास?" मी विचारलं.

"आ... आ... आक्छी!"

ते मी नापास धरलं.

उरली माती आणि वाफ. मातीसाठी मी उंद्रीच्या वाटेवरच्या कपाशीच्या वावरातून काळी माती आणवली. वाफेसाठी महादू मिस्त्रीकडून पेटी करून घेतली: आत स्टूल, वरच्या फळीला मान बाहेर काढायला भोक, पुढे दार. "दार असं घट्ट बसलं पाहिजे, मिस्त्री, की वाफेचा कणसुद्धा बाहेर येणार नाही!"

"लाकूड सुकं हाय बाई, वाफेनं फुगीन. जराशी फट ठेवतो."

"फट नको. पुस्तकात फट नाही!"

त्यानं दार घट्ट बसवलं.

पेटी आली तीच गुरुवारी, तीन वाजता. शेठाणी यायला एक तास! दोन्ही उपचार वेगवेगळे करायला वेळ नव्हता, म्हणून मी दोन्ही एकदम माझ्यावरच घेतले. आत्याबाईंचं जुनं लुगडं गुंडाळून पेटीत बसले, मान बाहेर काढली, खालानं तोंडाला बोटभर काळी माती थापली, आणि शेगडीवरच्या पिंपाची नळी पेटीत सोडली. पेटी अंगणात, वर एप्रिलचं ऊन.

पहिली दहा मिनिटं सुखाची होती. मी मनातल्या मनात खोल्यांवरची पाटीसुद्धा रंगवली.

मग तोंड ओढायला लागलं. उन्हाळ्यात आपल्या वावरांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण तीच माती आता माझ्या गालावर आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं! ओठ मिटले ते मिटलेच. "आत्याबाई" म्हणायला गेले तर "म्म्म्" निघालं.

"काय म्हंते वं ते?" आत्याबाईंनी विचारलं.

"म्हंते, मस्त वाटून राह्यलं," खालानं सांगितलं आणि शेगडीत आणखी चार कोळसे टाकले.

मी आतून लाथा मारल्या तेव्हा कुठे प्रकाश पडला. खालानं नळी उपसली, आत्याबाईंनी दार ओढलं. दार हललं नाही. दोन्ही पाय पेटीला लावून ओढलं. कडी हातात आली, आत्याबाई तुळशीपाशी जाऊन बसल्या!

"मिस्त्रीले बलावा!" खाला ओरडली.

"आतमंदी सून लुगडं गुंडाळून बसली, आन् मिस्त्रीले बलावा?"

शेवटी मिस्त्रीला बोलावलं, पण फाटकाबाहेर, पाठ करून उभं केलं. तो रस्त्याकडे तोंड करून हुकूम सोडायचा, आत्याबाई वरवंटा घेऊन ठोकायच्या.

"बिजागरीवर मारा, आजी!"

"कोनती बिजागरी?"

"डावी!"

"माह्यी डावी का तुह्यी डावी, बे?"

आणि त्याच वेळी फाटकातून शेठाणीबाई आत आल्या.

अंगणात काय होतं? एक लाकडी पेटी. पेटीवर काळंकुट्ट, भेगाळलेलं मुंडकं, फक्त डोळे फिरत असलेलं. शेजारी वरवंटा उगारलेल्या आत्याबाई. रस्त्यावर पाठमोरा ओरडणारा माणूस.

"हे कोण?" शेठाणीबाई दोन पावलं मागे सरल्या.

आता खरं सांगितलं तर खोल्या जाणार. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "पेशंट हाय."

"काय झालं हिला?"

"डोस्क्याचं हाय."

"म्म्म्म्!" मी म्हणाले.

"पाह्यलं? असंच करते."

शेठाणीबाई मनाच्या मोठ्या. "अरेरे, बिचारी!" म्हणत त्यांनी पदर खोचला, वरवंट्याच्या ठोक्यांनी दाराला पडलेल्या फटीत बोटं घातली आणि जोरात हिसका दिला. दार उघडलं! वाफेच्या ढगासकट मी बाहेर पडले, आणि शेठाणीबाई जागच्या जागी वाकड्या झाल्या. कमरेत उसण! ना बसता येई, ना उठता.

मी तशीच न्हाणीघरात पळाले. तिथं पाणी मारमारून माती ओढून काढली. माती निघाली, तिच्याबरोबर डाव्या भुवईचा मधला भागही निघाला. "मेली वं माय, जळून राह्यलं मले!" असं मी एवढ्या जोरात ओरडले की मॅट्रिकचं शुद्ध मराठी तिथेच मोरीतून वाहून गेलं.

मी डोक्यावर पदर पुढे ओढून बाहेर आले, तेव्हा शेठाणीबाई ओट्यावर पालथ्या होत्या. खाला कोमट तेल घेऊन त्यांच्या कमरेवर हात फिरवत होती, शिंकत होती, पुन्हा हात फिरवत होती. थोड्या वेळानं शेठाणीबाई घोरायला लागल्या.

जाग आल्यावर त्या ताडकन उभ्या राहिल्या, वाकून पाहिलं, डावीकडे-उजवीकडे वळून पाहिलं. "खाला, सोमवारपासून या. बाकी काही ठेवू नका. फक्त हे हात ठेवा."

खालानं आधी आत्याबाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि डोळ्यांना पदर लावला. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. दोन खोल्या मिळाल्या होत्या, आणि त्या माझ्या शहाणपणामुळे नाही, तर माझं शहाणपण असूनही मिळाल्या होत्या!

पुढे कित्येक वर्षं शेठाणीबाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भेटायच्या. मला वाण द्यायच्या, मुलांची चौकशी करायच्या, आणि दरवर्षी जाताना कानाशी येऊन हळूच विचारायच्या, "तुमच्याकडे ती पेटीतली पेशंट होती ना, बिचारी, तिचं डोकं आता कसं आहे?"

"बराच फरक आहे," मी सांगायची. "फक्त घरच्यांना अजून पटत नाही."