ह्यांनी न पाहिलेली लेक

लेक पोटात होती तेव्हा ह्यांचे डोळे गेले. आमचे हे रोह्याकडच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होते. एका दुपारी शिफ्टमध्ये पाइपाचा जोड निसटला आणि ॲसिड तोंडावर उडालं. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. माझा आवाज ऐकून ह्यांनी एवढंच विचारलं, "पोटातलं बरं हाय ना?"

माझं माहेर पेणजवळच्या जिते गावचं. आई येशूला मानायची. दर रविवारी तिच्या ओटीवर प्रार्थना व्हायची. आजूबाजूच्या वाड्यांवरची मजुरीला जाणारी माणसं यायची, ढोलकीवर गाणी म्हणायची. लग्न होऊन मी गडब गावाजवळच्या वाडीवर आले तरी जमेल तेव्हा जायची. ह्यांना ते फारसं आवडत नव्हतं, पण त्यांनी कधी अडवलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी आता काही होण्यासारखं नाही असं सांगितलं, तेव्हा मात्र स्वतःहून म्हणाले, मला तुझ्या प्रार्थनेला घेऊन चल.

त्या बोलण्यानं मला केवढा धीर आला. आता डोळे येणारच, असं मी धरूनच चालले. दर रविवारी टमटमनं पेणला, तिथून गाडीनं जित्याला. तिथले पास्टर ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे आणि मी डोळे मिटायच्या ऐवजी ह्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायची.

लेक झाली. आईनं तिला ह्यांच्या मांडीवर ठेवलं. ह्यांनी तिच्या कपाळावरून, नाकावरून हळूहळू बोट फिरवलं, कान चाचपले. मग विचारलं, "कोनासारखी हाय गो?"

मी "तुमच्यासारखी" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवून रडले. त्यानंतर माझ्या तोंडून प्रार्थना निघेना. जित्याला जायची ती ह्यांना सोडायला म्हणून. गाणी सुरू झाली की माझे ओठ हलत नसत.

एका रविवारी पास्टरांनी येशूनं आंधळ्याला दृष्टी दिली तो भाग वाचायला घेतला. मला बसवेना. लेकीला उचललं आणि मागच्या चिंचेखाली जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं हे भिंत चाचपत मागं आले. मी म्हणाले, त्याला दिली, मग तुमाला का नाय? मी आता काय मागणार नाय त्याच्याकडे.

ह्यांनी चाचपत लेकीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "रागाव तू. मी पन रागावलोय. पन ते मी त्यालाच सांगतो. समदी झोपली की या काळोखात दुसरं हाय कोन माझ्यासंगती?"

ह्यांचा हात धरून मी परत आत गेले. त्या दिवशी गायले नाही, पण बसून राहिले.

पुढे ओळखीच्या एकानं ह्यांना पेणला गणपतीच्या कारखान्यात माती मळायला नेलं. मूर्तीचं काम म्हणून प्रार्थनेतल्या काहींना ते रुचलं नाही. पास्टर म्हणाले, कष्टाची भाकरी आहे, खाऊ दे. मातीत हात घातला की ह्यांना बरं वाटतं. पण कुणाला तरी नेऊन सोडावं लागतं, परत आणावं लागतं, आणि ते ह्यांच्या मनाला लागतं. कधी कधी दोन-दोन दिवस घरात कुणाशी बोलत नाहीत.

लेक आता बालवाडीत जाते. परवा नवा फ्रॉक घालून ह्यांच्यापुढे उभी राहिली आणि कसा दिसतो विचारू लागली. ह्यांनी तिला जवळ ओढलं, झालर हातात धरून पाहिली आणि छान आहे म्हणाले. रंग विचारला नाही. मीही सांगितला नाही.

मी पुन्हा प्रार्थना करते. लेकीसाठी मागते, ह्यांच्या कामासाठी मागते, आणि शेवटी डोळे मागते. ते मागायचं अजून सोडवत नाही. हे शेजारीच बसलेले असतात. डोळ्यांचं आलं की खाली मान घालतात. पण आमेन म्हणतात.