बांधायचा राहिलेला श्वास

गायकवृंदात सगळे त्याला मुंगी म्हणत. दिवसभर तो कॉम्प्युटरवर पाच रेघांवरची स्वरलिपी मांडायचा, आणि गाण्याचं अक्षर आपल्या स्वराखालून केसभर जरी सरकलं तरी त्याला चैन पडत नसे. जेवताना ताटातली वाटीसुद्धा दोनदा सरकवायचा. बायको म्हणायची, "अहो, वाटीला तरी सुखानं बसू द्या."

त्या दुपारी मात्र त्याला स्वतःलाच सुखानं बसवत नव्हतं. त्याची थोरली बहीण मोठ्या आजारातून उठून पुन्हा एकटीनं गाणार होती. छाती अजून पुरती भरत नव्हती. "आज तालमीत जमलं नाही तर वृंद सोडला," असं तिनं निक्षून सांगितलं होतं, आणि ताई बोलली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणून मुंगीनं तिच्या कागदावर सोयीच्या जागा हेरून 'श्वास' असा शब्द घालून दिला. मग तिच्या डोळ्यांसाठी सगळा मजकूर मोठा केला. कागद न्यायला माणूस दारात खोळंबलेला, त्यामुळे पुन्हा न बघताच छापून दिला.

नंतर राहवेना म्हणून फाईल उघडली. एकही 'श्वास' जागेवर नव्हता! शब्द आधी कॉम्प्युटरवर त्याच्या स्वराला बांधायचा, म्हणजे स्वर हलला की शब्दही सोबत हलतो, मग काय ते सजवायचं, हे शिकायला येणाऱ्यांना तो घसा फोडून सांगायचा. आणि घाईत स्वतः काय केलं? सगळे 'श्वास' ओळीच्या पहिल्या स्वराला बांधले आणि माउसनं ओढत नेऊन ठेवले. मजकूर मोठा होताच स्वर पुढे सरकले, 'श्वास' मागेच राहिले, भलत्याच स्वरांखाली. तालमीत ताई फोन उचलत नसे. तो तसाच घरातल्या चपलांवर धावत सुटला.

हॉलच्या दारातच ताई भेटली. पर्स खांद्याला, डोळे लाल.

"संपलं रे माझं. तू लिहिलंस तिथंच श्वास घेतला, तरी लांब ओळीत दम तुटला."

"ताई, तुझ्या छातीला काही झालेलं नाही. कागद चुकलाय. मी चुकलोय."

"तू आणि चूक? उगाच माझी समजूत काढू नकोस."

आली का पंचाईत! जन्मभर कमावलेलं नाव नेमकं आज आडवं आलं. त्यानं तिच्या हातातला कागद हिसकावला, भिंतीवर धरला आणि हॉलभर ऐकू जाईल असा ओरडला, "हे बघ! शब्दाच्या मधोमध श्वास घ्यायला लावलाय मी! कुठला शहाणा असं करेल? गाढवपणा केलाय, शुद्ध गाढवपणा!"

आतली मंडळी उठून बघायला लागली. त्याला लाज वाटली, पण ताई पायऱ्या उतरून जाईल याची भीती लाजेहून मोठी होती.

ताईनं कागद डोळ्यांजवळ नेला. बोटानं ओळ धरून पुटपुटली, थांबली, पुन्हा मागे गेली.

"गाढवा," ती म्हणाली, "मी आत सगळ्यांचा निरोप घेऊन आले ना रे!"

आणि पर्स त्याच्या हातात कोंबून ती आत गेली.