लूमच्या गेटवरच्या पांढऱ्या गोळ्या

ती घटना आठवली की आजही प्रश्न पडतो: गुन्हा उघडकीस आला खरा, पण नेमका कोणाचा?

तेव्हा मी सुरतेत लिंबायत भागात पोलीस निरीक्षक होतो. तिथल्या कापडाच्या लूम कारखान्यांत खानदेशी माणसं पुष्कळ. मीही धुळ्याकडचा, त्यामुळे लोक माझ्याशी मोकळं बोलत. एका खबऱ्याने बातमी आणली की, कारखान्याच्या गेटजवळ चहा विकणारी एक बाई कामाची पाळी सुरू होण्याआधी कामगारांना पांढऱ्या गोळ्या देते. नुकताच एक तरुण कामगार चक्कर येऊन पडला होता, हात मोडला होता. मला नशेच्या गोळ्यांचा संशय आला. पंच आणि महिला कॉन्स्टेबल घेऊन छापा टाकला. सुट्या गोळ्या सापडल्या. मुद्देमाल सील करून बाईला आणि काही कामगारांना ठाण्यात आणलं.

"नशानी गोळी नही शे, भाऊ," बाई म्हणाली. "बीपीनी शे."

मी एका कामगाराला विचारलं, "तुला बीपी आहे?"

"नाही साहेब."

"मग गोळी कशाला खातोस?"

"मशीनमध्ये येऊ नये म्हणून."

दुसऱ्याचंही तेच उत्तर. मला काही उमजेना. शेवटी एक वयस्कर कामगार बोलता झाला. "एका डॉक्टरांनी छापलं, लूमवाल्यांचं बीपी जास्त असतं. तेव्हापासून शेठ गेटवर बीपी मोजायचं मशीन लावतो. आकडा वर गेला की घरी, म्हणून आधीच ही गोळी. हिच्या नवऱ्याला असंच काढलं."

मी त्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. मेडिकल कॉलेजात शिकवणारे, सौम्य गृहस्थ. ऐकून ते गोंधळूनच गेले. "मी लिहिलं होतं की आवाज कमी करा, विश्रांती द्या, औषधोपचार करा. काढून टाका असं कुठेच लिहिलं नाही."

बाई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमचं लिहिलेलं शेठनं वाचलं. आम्हाला कोणी वाचून दाखवलं?"

शेठलाही बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, कोई मशीनमां पडे तो जवाबदार कोण?" त्यालाही खोटं कसं म्हणणार?

डॉक्टरांनी बाईला सहज विचारलं, "या गोळ्या तुम्हाला मिळाल्या कुठून?"

"मालकाच्या, माझ्या नवऱ्याच्या. दवाखान्यातून मिळतात. ते आता घरीच असतात, गेटवर मोजायचं नाही, त्यांना काय करायच्या?"

डॉक्टर ताडकन उठले. "त्यांना आत्ता इथे आणा."

नवरा बाहेर पायरीवरच बसला होता. डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "जीप काढा." निरोगी माणसं गोळ्या खाऊन चक्कर येऊन पडत होती, आणि ज्याला गरज होती तो गोळीशिवाय घरी बसला होता. बाई जीपमध्ये त्याचा हात धरून बसली. तिला रडूही येत नव्हतं.

तो वाचला, पण लूमवर पुन्हा गेला नाही. बाईवर परवान्याशिवाय औषध दिल्याचा गुन्हा नोंदवावाच लागला. डॉक्टर मात्र त्यानंतर वस्तीत येऊन, आपण काय लिहिलंय ते लोकांना तोंडाने सांगू लागले. मीही एक धडा घेतला. संशयिताला पहिला प्रश्न 'काय केलंस?' असा न विचारता, 'कशाला भ्यालास?' असा विचारू लागलो. त्याने बऱ्याच केसेस लवकर सुटल्या.

ही मात्र माझ्यापुरती सुटली नाही. जामीन झाल्यावर कोर्टाच्या व्हरांड्यात बाईने मला थांबवलं. "भाऊ, मी त्या पोरांचं काम वाचवलं की मालकाचा जीव घालवत होते?"