पितांबरची चाळीसची मोटार

आमच्या पितांबरला माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, पण त्या माणसाने नवीन काय आणलं ते बरोबर राहतं. तो माझा धाकटा दीर. यावल तालुक्यात तापीकाठी केळीची बाग आणि मोटार लावलेली एक होडी, एवढा त्याचा पसारा. सकाळी मजुरांना पलीकडच्या शेतात सोडायचं, संध्याकाळी आणायचं आणि उरलेला वेळ चुलत भाऊ मगनकडे बघून जळायचं. मगनने गच्चीवर पाण्याची टाकी बसवली, की याची हातभर उंच. मगनची सून कॉलेजात शिकवायला लागली, तेव्हा मात्र याची पंचाईत झाली. याचा पोरगा अजून दहावीत होता.

एक मान मात्र मगनकडे नव्हता. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. सोमवारी तिला न्हाऊ घालायला नदीतल्या बेटावर नेतात, ते वर्षानुवर्षं पितांबरच्या होडीतून.

गेल्या साली बेटाजवळ गोट्यांवर मोटारीचा पंखा आपटला, पातं मोडलं आणि होडी देवीसकट अडकली. ओढायला कोण आलं? मगन! नव्या जेटच्या मोटारीवर. तिला बाहेर पंखाच नसतो. ती खालून पाणी ओढते आणि जोराने मागे फेकते, म्हणून गुडघाभर पाण्यातही चालते. बायका तिथेच म्हणाल्या, "पुढच्या साली मगनभाऊंच्याच होडीत बसू." पितांबरच्या घशाखाली घास उतरेना. खरं सांगते, मलाही झोंबलं. मगनची बायको कामिनी त्या दिवशी होडीत अशी बसली होती, जणू नदी तिच्या माहेराहून आली.

मग मगन बाजाराला गेल्याचं पाहून पितांबर त्याच्या मोटारीवरचा आकडा वाचून आला.

"वहिनी, चाळीस हॉर्सपॉवर! माझीही चाळीसचीच. खालचा पंख्याचा भाग काढून जेट बसवलं की झालं."

"भाऊजी, मगनला एकदा विचारा तरी."

"त्याला? त्यापेक्षा पोहत जाईन."

जेट बसलं. एकट्याने फेरी मारली तर होडी पाण्याला टेकेना. कानबाईचं सगळं बघणारी भिकुबाई काठावर उभी होती. ती धुळ्याकडची, अजून अहिराणीच बोलते. म्हणाली, "बरं. देवी तुनाच नावमा बसाडसू." देवी आपल्याच होडीत बसणार म्हणून त्या दिवशी पितांबर दोन भाकरी जास्त जेवला.

यंदाच्या सोमवारी होडीत देवी, भिकुबाई, मी, होडीभर बायका आणि ढोलवाले. पितांबरने मोटार पूर्ण वेगाने सोडली. आवाज असा की कान बसावेत, पण होडीचं नाक वर आणि बूड खाली. पाण्यावर उचललीच जाईना. नांगर ओढावा तशी पाणी ओढत राहिली. धारेत तर उलटी मागे सरकायला लागली.

"का रे पितांबर, नाव चाली राह्यनी का झोपी गयी?" भिकुबाई ओरडली.

तेवढ्यात मगन आपली होडी घेऊन शेजारी आला. "दादा, माझ्या मोटारीवर चाळीस लिहिलंय ते जेटमधून बाहेर पडणारं. आतलं इंजिन साठचं आहे. जेट लावलं की तिसरा हिस्सा ताकद त्यातच जाते. तुझ्या चाळीसची सव्वीस-सत्तावीसच उरली. एकट्यापुरती ठीक, एवढ्या बायकांना कशी पुरणार?"

"मग आधी सांगायचं ना!"

"तू विचारलं कधी?"

पितांबरचं तोंड बघण्यासारखं झालं. देवी आता तिकडे जाणार, हे त्याला दिसत होतं. त्याने सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरलं, जणू मगन तेही नेईल.

पण भिकुबाई दिलेला शब्द फिरवणारी बाई नाही. "देवी आठेच राही. बाकी बठ्ठ्या तिकडे चढा!"

बायका गेल्या, ढोलवाले गेले. आमच्याकडे देवी, भिकुबाई आणि मी. हलकी झालेली होडी सर्रकन उचलली आणि थेट बेटाच्या गोट्यांवरून वाळूला लागली. पितांबरचा मान राहिला.

आणि मागून मगनची होडी आली. ढोल वाजतोय, गाणी चाललीत, कामिनी मधोमध फुगडीच्या आवेशात हात नाचवतेय. आमच्या होडीत नुसती मोटारीची घरघर.

भिकुबाईने विचारलं, "देवी तुनाकडे शे ना? मंग तिकडे काय देखी राह्यना?"

पितांबरने मोटार बंद केली. मीही तिकडेच बघत होते.