मागच्या सीटचं वजन

लातूर नुकता जिल्हा झाला होता. रस्ते खोदलेले, त्यात दुष्काळ. खड्ड्यांनी पाठ दुखू लागली की मी गल्लीतल्या मेकॅनिककडे मोटारसायकल नेई. शॉकअपला हात लावण्याआधी तो विचारायचा, "मागं कोण बसतं, साहेब?" मग दोघांनाही गाडीवर बसवायचा आणि त्या वजनाप्रमाणे स्प्रिंग आवळायचा किंवा ढिली करायचा.

त्याची स्वतःची गाडी दोघांसाठी आवळलेली होती. पाणी नाही म्हणून बायको देवणीला माहेरी गेलेली. एकटा निघाला की गाडी खड्ड्याखड्ड्याला उडायची.

"उस्ताद, लोकांच्या ढिल्या करता, तुमची कधी?"

"अन् ती आल्यावर परत आवळू? ऱ्हाऊ द्या."

टँकरवरून येताना मात्र मागे पाण्याचे दोन कॅन बांधलेले असत. एकूण चाळीस किलो. "बघा, कशी गप चालायलीय," म्हणायचा.

पुढच्या पावसाळ्यात घरोघरी नळाला पाणी आलं. बायको आली नाही. एका सकाळी तो दुकानात आला, तर मागे तेच दोन कॅन, भरलेले. त्याने ते उतरवून सावलीत ठेवले. संध्याकाळी, न उघडताच, पुन्हा गाडीला बांधून तो घरी गेला.