हत्तीच्या घरात वजीर

आता काय लपवायचं तुमच्यापासून! चूक कबूल करायची मला सवय नाही. पण हा गाढवपणा मी अकोल्याला एसटीनं जाऊन, तिकीट काढून केला. तेव्हा ऐकाच.

रहीम शिंपी माझा चाळीस वर्षांचा दोस्त. दर्यापुरात त्याच्या दुकानात आम्ही रोज बुद्धिबळ खेळायचो. मग बोंडअळीनं लागोपाठ कापूस खाल्ला. नवे कपडे कोण शिवणार? दुकान बंद झालं, रहीम अकोल्याला मुलाकडे गेला. गावात माझ्याशी खेळणारा उरला नाही. खरं म्हणजे बोलणाराही नाही.

शेवटी माझ्या नातीनं, पल्लवीनं, फोनवर डाव मांडून दिला. मी इथे, रहीम तिथे.

माझा खेळ सरळ. घोडे आधी बाहेर काढायचे, वजिराला जपायचं, मागे फिरायचं नाही. शह दिला की मोठ्यानं "शह!" म्हणायचं. फोनला ते कळत नाही, असं पल्लवी दहादा म्हणाली. तरी म्हणायचं. रीत ती रीत! या खेळानं मी रोज हरत होतो, ती गोष्ट वेगळी.

एक दिवस रहीमचं प्यादं माझ्या हत्तीच्या घरात पोचलं. आमच्या दुकानातला कायदा काय? प्यादं ज्याच्या घरात पोचेल, तेच होणार. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. याचा झाला थेट वजीर! चार चालींत मला मात.

लबाडी! आणि तीही माझ्याशी?

पंधरा दिवस खेळलो नाही. रहीमचे फोन आले, उचलले नाहीत. सोळाव्या दिवशी ठरवलं, दोस्ती तोडायची तर तोंडावर सांगून तोडू. निघालो.

दारातच सुरुवात केली. "काहून रे रहीम, हत्तीच्या घरात वजीर कधीपासून होऊन राह्यला?"

"अरे, मी कुठी केला? फोन आपल्या मनानंच करते."

"फोनवर नको ढकलू! मी बी एक डाव जितलो हाये. बिना लबाडीचा! काढ बेटा तो डाव, दाखव याले."

हे शेवटचं त्याच्या सुनेला. झालेला प्रत्येक डाव फोनमध्ये पहिल्या चालीपासून राहतो, एवढं पल्लवीनं मला सांगितलं होतं. सून एकेक चाल दाखवत गेली. माझा वजीर अर्ध्या डावातच मेलेला! पुढे माझं एक प्यादं घोड्याच्या घरात शिरलं, आणि झालं वजीर. त्याच वजिरानं मात.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खेळताना मला वाटलं होतं, हा आपला जुनाच वजीर.

"तुले तवाच दिसलं होतं?"

"दिसलं ना."

"मंग बोलला काहून नाई?"

"किती दिसानं जितला होता तू. म्हटलं, राहू दे खुशीत."

दोस्ती तोडायचा बेत मी तिथेच सोडून दिला. पण हार मानणं रक्तात नाही. मी ताठ बसून निकाल दिला, "असे फोनच्या वजिरावर जितलेले सारे डाव रद्द. तुये बी, माये बी."

"कबूल," रहीम म्हणाला. "माये तरी तेवीस उरतात. तुये?"

सुनेनं चहा पुढे केला. साखर कमी आहे, म्हणून मी कुरकुरलो. काहीतरी बोलायला हवंच होतं.